आठ नळकांड्यांची मोटार आणि बोरघाटाचा हिशेब

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील मुलामुलींना मोटारगाडीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता, सन २००२ मध्यें पूर्ण झालेला द्रुतगति मार्ग आणि कर्जतेहून घाट चढणारा लोहमार्ग हे तिन्ही आपल्या दारावरूनच जातात. खालापूरच्या टोलनाक्याजवळ घटकाभर उभें राहिलें, तर देशोदेशींच्या गाड्या डोळ्यांपुढून निघून जातात. त्यांत एखादी थोरली, उंच व रुंद गाडी आली कीं मुलें एकमेकांस सांगतात, "ती पाहा, व्ही-एट!" या दोन अक्षरांच्या उच्चारांत मोठा आदर असतो. परंतु यांतील 'व्ही' म्हणजे काय, 'एट' कशाचे, आणि त्या आठांचा घाट चढण्याशीं संबंध काय, असें वर्गांत विचारलें म्हणजे सर्वत्र शांतता पसरते. ज्या वस्तूचा आदर करावयाचा तिचा तो समजून-उमजून करावा, असें आम्हांस वाटतें. म्हणून या अंकांत आम्ही अशा एका गाडीचें मापांचें पत्रक घेऊन तें बोरघाटाच्या कसोटीवर लावून पाहणार आहों. यास इयत्ता आठवी-नववीचें गणित व पदार्थविज्ञान पुरेसें आहे. विद्यार्थ्यांनीं पाटी किंवा वही जवळ घेऊन बसावें.

१. पत्रकांतील आंकडे

प्रत्येक मोटारीबरोबर तिच्या मापांचें एक पत्रक येतें. उदाहरणादाखल आम्ही टोयोटा कंपनीची लँड क्रूझर ही जपानी गाडी घेतों. कंपनीचें नांव घेतलें तें केवळ आंकडे कोणासही पडताळून पाहतां यावे म्हणून. तिच्या ज्या नमुन्यास '२०० मालिका' म्हणतात, तो सन २००७ मध्यें निघाला व सन २०२१ मध्यें त्याची जागा नव्या नमुन्यानें घेतली. त्या नव्या नमुन्यांत आठांऐवजीं सहाच नळकांडीं आहेत. म्हणजे आमच्या उदाहरणाची गाडी आतां जुन्या पिढीची झाली. मात्र ती रस्त्यावरून नाहींशी झालेली नाहीं. आपल्या देशांत तिचा जो प्रकार विशेष परिचित झाला तो डिझेलवर चालणारा. त्याचीं मुख्य मापें अशीं आहेत :

लांबी ४,९५० मिलिमीटर, म्हणजे पांच मीटरांस अगदीं थोडी कमी. रुंदी सुमारें १,९७० मिलिमीटर. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर २,८५० मिलिमीटर. रिकाम्या गाडीचें वजन अडीच टनांहून अधिक. मुख्य इंधनटांकी ९३ लिटरांची. नळकांडीं आठ, 'व्ही' आकारांत मांडलेलीं. प्रत्येक नळकांड्याचा आंतला व्यास ८६ मिलिमीटर व दट्ट्याचा पल्ला ९६ मिलिमीटर. यंत्राचें घनफळ ४,४६१ घनसेंटिमीटर. शक्ति सुमारें २६० अश्वशक्ति. पीळ, ज्यास कारागीर टॉर्क म्हणतात, तो मिनिटास १,६०० ते २,६०० फेऱ्यांच्या दरम्यान ६५० न्यूटन-मीटर.

आतां यांतील घनफळाचा आंकडा कोणाच्या सांगण्यावरून खरा मानण्याचें कारण नाहीं. तो आपण स्वतः काढूं शकतों. नळकांडें म्हणजे भूमितींतील वृत्तचिती होय. व्यास ८·६ सेंटिमीटर, म्हणून त्रिज्या ४·३ सेंटिमीटर. त्रिज्येचा वर्ग १८·४९. त्यास ३·१४१६ नें गुणिलें असतां वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ५८·०९ चौरस सेंटिमीटर येतें. त्यास ९·६ या पल्ल्यानें गुणिलें म्हणजे एका नळकांड्याचें घनफळ सुमारें ५५७·६ घनसेंटिमीटर झालें. आठांचें मिळून ४,४६१. पत्रक खरें ठरलें! वृत्तचितीचें जें सूत्र परीक्षेपुरतें पाठ करून पुढें विसरून जाण्याची अनेकांची रीत असते, त्याच सूत्रावर ही लक्षावधि रुपयांची गाडी उभी आहे, हें ध्यानांत ठेवावें.

२. आठ कां, आणि तिरपीं कां?

नळकांड्यांत दट्ट्या खालवर होत असतो. त्याचें काम चार पल्ल्यांत पुरें होतें. पहिल्या पल्ल्यांत दट्ट्या खालीं जातो व बाहेरील हवा आंत येते. दुसऱ्यांत तो वर येऊन त्या हवेस दाबतो. तिसऱ्याच्या आरंभीं त्या दाबलेल्या हवेंत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडतात, तो पेट घेतो आणि तापलेला वायु दट्ट्यास जोरानें खालीं ढकलतो. चवथ्यांत जळालेला वायु बाहेर पडतो. डिझेलच्या यंत्रांत ठिणगी लागत नाहीं. या गाडीच्या यंत्रांत हवा सुमारें सतरा पटींनीं दाबली जाते व तेवढ्यानेंच तिचें तापमान पांचशें अंशांहून वर चढतें. इतक्या तप्त हवेंत इंधन आपोआप पेटतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम झालेलें तुम्हीं अनुभविलें असेल. त्याचें एक कारण हेंच. ही युक्ति ज्यानें सिद्ध करून दाखविली, तो जर्मन अभियंता रूडोल्फ डिझेल होय. त्याचें यशस्वी यंत्र सन १८९७ मध्यें औग्सबुर्ग येथें चाललें, आणि त्याचेंच नांव पुढें इंधनास पडलें.

चार पल्ल्यांपैकीं तिसरा तेवढा कमाईचा. उरलेले तीन खर्चाचे. एकच नळकांडें असेल तर यंत्र धक्क्याधक्क्यानें चालतें. म्हणून अनेक नळकांडीं एकाच वांकड्या दांड्यास, म्हणजे क्रँकशाफ्टला जोडतात व त्यांच्या पाळ्या लावून देतात. पुष्कळ जणांनीं पाळीपाळीनें मुसळ चालविलें असतां कांडण अखंड होतें, त्यांतलाच हा प्रकार. चार पल्ले म्हणजे दांड्याच्या दोन फेऱ्या, म्हणजे ७२० अंश. त्यांस आठांनीं भागिलें तर ९० येतात. याचा अर्थ, दांडा दर काटकोनांतून फिरला कीं एका नळकांड्याचा जोर त्यास मिळतो. यंत्र मिनिटास १,६०० फेऱ्या करीत असेल तर मिनिटास ६,४०० वेळां, म्हणजे सेकंदास शंभराहून अधिक वेळां जोर लागतो. एवढे जोर कानास वेगळे ऐकूं येत नाहींत, त्यांचा एक सलग घुमारा होतो. मुलांस ज्या आवाजाचें कौतुक वाटतें तो आवाज म्हणजे एवढेंच.

आठही नळकांडीं एका ओळींत मांडलीं तर यंत्र फार लांब होतें व लांब दांडा पिळवटतो. म्हणून चारचार नळकांड्यांच्या दोन रांगा करून त्या एकमेकींशीं कोन करून बसवितात. समोरून पाहिलें असतां इंग्रजी 'व्ही' अक्षर दिसतें. हा कोन बहुधा ९० अंशांचा ठेवितात. वर काढलेल्या भागाकाराशीं तो कसा जुळतो, तें चतुर विद्यार्थ्यानें ताडलेंच असेल. कॅडिलॅक कंपनीनें सन १९१४ मध्यें अशा यंत्राच्या मोटारी मोठ्या संख्येनें विकावयास आणिल्या. परंतु सामान्य ऐपतीच्या माणसास हें यंत्र मिळालें तें सन १९३२ मध्यें हेन्री फोर्ड यांच्या गाडीमुळें. त्या यंत्राची शक्ति अवघी ६५ अश्वशक्ति होती. तेवढ्यावर त्या काळच्या लोकांनीं ती वेगवान म्हणून वाखाणली, ही गोष्ट पुढील हिशेबासाठीं लक्षांत ठेवावी.

३. अश्वशक्ति आणि पीळ

हे दोन शब्द एकच आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. पीळ म्हणजे फिरविण्याचा जोर. विहिरीवरील रहाटाचें किंवा उसाच्या चरकाचें उदाहरण घ्या. चरकाचा दांडा जितका लांब व बैल जितका नेटानें ओढील, तितका पीळ अधिक. परंतु बैल नेटानें ओढूनही जागच्या जागींच उभा राहिला तर रस निघत नाहीं. पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ति मिळते. अश्वशक्ति हें शक्तीचें माप असून एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॉट. जेम्स वॉट यानें वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याशीं करण्याकरितां तें माप रूढ केलें.

डिझेलच्या मोठ्या यंत्राचा विशेष हा कीं तें थोड्या फेऱ्यांतच पुष्कळ पीळ देतें. म्हणून जड गाडी चिखलांतून किंवा खड्या चढावर सावकाश ओढण्यास तें योग्य. या गाडींत आणखी एक जादा गिअर असून तो घातला असतां चाकांचा वेग सुमारें २·६ पट कमी होतो व पीळ तितक्याच पटींनीं वाढतो. वेग द्यावा व जोर घ्यावा, असा हा सौदा आहे. तरफेचा नियम शिकतांना जें तुम्हीं वाचलें तेंच येथें दांत्यांच्या चाकांनीं साधिलें आहे. यंत्र कितीही मोठें असो, दोन्ही गोष्टी एकाच वेळीं फुकट कोणासही मिळत नाहींत.

४. चढाचा हिशेब

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. खोपोली घाटाच्या पायथ्याशीं आहे व खंडाळा माथ्यावर. दोहोंमधील उंचीचा फरक सुमारें ५०० मीटर धरूं. गाडी, माणसें व सामान मिळून वजन ३,००० किलोग्रॅम मानूं. एवढें वजन एवढ्या उंचीवर नेण्यास लागणारें कार्य म्हणजे वस्तुमान गुणिलें गुरुत्वत्वरण गुणिलें उंची. ३,००० × ९·८ × ५०० केले म्हणजे १,४७,००,००० ज्यूल येतात. हा आंकडा मोठा दिसतो. तो तीन प्रकारांनीं समजून घेऊं.

पहिला प्रकार, इंधनाचा. एक लिटर डिझेल जाळल्यानें सुमारें ३६० लक्ष ज्यूल उष्णता मिळते. चांगलें यंत्रही तिच्या एकतृतीयांशाच्या आसपासच उपयोगीं कार्यांत बदलतें. उरलेली उष्णता धुराड्यांतून व पाण्याच्या जाळींतून निघून जाते. म्हणजे लिटरामागें आपल्या हातीं सुमारें १२० लक्ष ज्यूल. त्यानें भागिलें असतां केवळ उंची चढण्यासाठींच सव्वा लिटराच्या आसपास डिझेल लागतें. हवेचा अडथळा, चाकांचें घर्षण व वळणावळणांवरील ब्रेक यांचा खर्च निराळा.

दुसरा प्रकार, पाण्याचा. आपल्या खोपोलीस टाटांचें जलविद्युत्केंद्र सन १९१५ पासून आहे. लोणावळ्याच्या बाजूस तलावांत सांठविलेलें पावसाचें पाणी मोठ्या नळांतून साधारण याच उंचीवरून खालीं येतें व चक्रें फिरवितें. पुढें सन १९२२ मध्यें कर्जत तालुक्यांत भिवपुरी येथेंही असेंच केंद्र सुरू झालें. आतां पाहा. एक घनमीटर पाण्याचें वस्तुमान १,००० किलोग्रॅम. तें ५०० मीटर खालीं आलें तर ४९ लक्ष ज्यूल देतें. म्हणून आमची गाडी एकदां घाट चढविण्यास तीन घनमीटर, म्हणजे तीन हजार लिटर पाणी घाटावरून खालीं सोडावें लागेल, आणि तेंही मध्यें कांहींच वांयां जात नाहीं असें मानून. ज्या घरीं मे महिन्यांत दूर अंतरावरून हंड्यानें पाणी आणावें लागतें, तेथील मुलांस तीन हजार लिटर म्हणजे किती, हें आम्हीं सांगावयास नको.

तिसरा प्रकार, शक्तीचा. हा चढ गाडीनें दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत चढला असें समजूं. १,४७,००,००० यांस ६०० नीं भागिलें तर २४,५०० वॉट येतात. अश्वशक्तींत सांगावयाचें तर सुमारें ३३. येथें थोडें थांबून विचार करा. पत्रकांत २६० अश्वशक्ति लिहिल्या आहेत आणि उंची चढण्यास ३३ पुरतात! हवा व घर्षण यांच्यासाठीं आणखी तितक्याच धरल्या तरीही पुष्कळ उरतात. हजार किलोची लहान गाडी असेल तर त्याच वेळांत चढावयास तिला अकरांच्या आसपास पुरतील. सन १९३२ ची ६५ अश्वशक्तीची गाडी लोकांनीं कां वाखाणली, याचा आतां उलगडा होतो. 'व्ही-एटवांचून घाट चढत नाहीं' हा समज गणितापुढें टिकत नाहीं. उरलेली शक्ति एकाएकीं वेग घेण्यास, जड ओझें ओढण्यास किंवा वाळवंटांत व चिखलांत उपयोगी पडते. ज्यास अशीं कामें आहेत त्यास ती हवीच. ज्यास नाहींत, तो रोज तिचें ओझें मात्र वाहतो.

ओझ्याचाही हिशेब करूं. या गाडींत चालक एकटाच बसला तर एका माणसासाठीं सुमारें २,७०० किलोग्रॅम वजन वर चढवावें लागतें. सात जण बसले तर माणशीं साडेचारशेंच्या आसपास येतें. भरलेली एस.टी. पंधरा टन व तींत पन्नास उतारू धरले तर माणशीं ३०० किलोग्रॅम पडतें. म्हणून कोणती गाडी मोठी, याबरोबरच तींत किती जणांचा प्रवास झाला, हेंही विचारावें.

५. उताराचा हिशेब

आतांपर्यंतचा हिशेब पैशाचा व इंधनाचा होता. पुढील हिशेब प्राणांचा आहे, म्हणून तो अधिक लक्षपूर्वक वाचावा.

घाट चढतांना जे १४७ लक्ष ज्यूल गाडींत सांठले, ते माथ्यावर नाहींसे होत नाहींत. उर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्हीं शिकलांच आहां. खंडाळ्याहून खोपोलीस उतरतांना ते सर्व परत द्यावे लागतात. गाडीचा वेग वाढूं द्यावयाचा नसेल तर त्यांची उष्णता करावी लागते, व तें काम ब्रेकचें आहे. ब्रेक म्हणजे फिरत्या लोखंडी चकतीवर दाबलेला पट्टा. चारही चाकांच्या चकत्या मिळून लोखंडाचें वजन ४० किलोग्रॅम मानूं. एक किलोग्रॅम लोखंड एक अंश तापण्यास सुमारें ४६० ज्यूल लागतात. म्हणून ४० किलोग्रॅमांस १८,४०० लागतील. १,४७,००,००० यांस त्यानें भागा. उत्तर ८०० अंशांच्या जवळ येतें. म्हणजे चालकानें सर्व भार ब्रेकवरच टाकिला व वाऱ्यानें त्या चकत्या मुळींच निवल्या नाहींत, तर त्या लोहाराच्या भट्टींतील लोखंडासारख्या लाल होतील. प्रत्यक्षांत वारा बरीच उष्णता घेऊन जातो. परंतु तीस टनांच्या मालमोटारीस हाच आंकडा दसपट लागू होतो, हें विसरूं नये.

ब्रेक फार तापले म्हणजे दोन गोष्टी घडतात. पट्ट्याची पकड सुटूं लागते, आणि ज्या द्रवाच्या दाबानें लहान गाड्यांचे ब्रेक लागतात, तो ब्रेकऑइल नांवाचा द्रव उकळूं लागतो. नव्या द्रवाचा उत्कलनबिंदु दोनशें अंशांच्या वर असतो. पण हवेंतील ओलावा शोषून जुना झालेला द्रव दीडशेंच्या आसपासच उकळूं शकतो. उकळला कीं त्यांत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, परंतु वायु दाबला जातो. म्हणून पायाखालचा ब्रेक एकाएकीं तळापर्यंत जातो व गाडी मात्र थांबत नाहीं. 'ब्रेक फेल झाला' असें जें आपण ऐकतों, त्याच्यामागें पुष्कळदां दैव नसून पदार्थविज्ञान असतें.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. घाटांतले जाणते चालक सांगतात कीं, ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा. गिअर खालचा असला म्हणजे चाकांना यंत्रही फिरवावें लागतें. आंतील दट्ट्यांच्या हालचालीचा व हवेच्या ओढीचा रोध गाडीस मागें खेंचतो आणि ब्रेकांवरील भार हलका होतो. मोठ्या मालमोटारींस याकरितां धुराडें अडवून रोध वाढविण्याची वेगळी सोयही असते. आठ नळकांडीं चढतांना जितकीं उपयोगी, तितकींच तीं उतरतांनाही उपयोगी आहेत. मात्र तीं चाकांशीं जोडलेलीं राहिलीं पाहिजेत.

कांहीं चालक डिझेल वांचविण्याच्या लोभानें उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. कोणी तर यंत्रच बंद करतात. यंत्र बंद झालें कीं ब्रेकास व सुकाणूस मिळणारें साहाय्यही जातें. चार रुपयांचें इंधन वांचविण्यासाठीं सर्व भार तापलेल्या लोखंडावर व वळणावरच्या भिंतीवर टाकण्यासारखें हें आहे. चढाचा हिशेब चुकला तर गाडी थांबते. उताराचा हिशेब चुकला तर ती थांबत नाहीं.

६. लोहमार्गानें शिकविलेला धडा

हा धडा आपल्या भागास नवा नाहीं. बोरघाटांतील लोहमार्गाचें काम सन १८५६ मध्यें सुरू होऊन सन १८६३ मध्यें पुरें झालें. त्याचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे होते. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, सरासरी शेचाळिसांत एक, व कांहीं ठिकाणीं सदतिसांत एक. एके काळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचे ठेकेदार सन १८५९ मध्यें येथें आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले, तेव्हां त्यांची पत्नी अॅलिस हिनें ठेका पुढें चालविला. घाटांत खोपोलीच्या वर शिंगरोबाचें देऊळ आहे. डोंगरांतून जाणारी वाट एका धनगरानें साहेबांस दाखविली, अशी कथा लोक सांगतात. कथेचा खरेपणा कसाही असो, गुराढोरांमागें हिंडणाऱ्या पायांनीं डोंगराची चढण यंत्रांच्या पूर्वीं जाणली होती, यांत शंका नाहीं.

आजही कर्जतेस थांबलेल्या गाडीस मागून जादा इंजिनें जोडतात. हीं इंजिनें गाडीस वर ढकलतात. हा पूर्वविचार चढासाठीं झाला. उतारासाठींही तितकाच पूर्वविचार आहे. उतरणाऱ्या गाड्या घाटांतील ठाकूरवाडीसारख्या ठिकाणीं थांबवून ब्रेकांची खात्री करून घेण्याची पद्धति आहे. सुटलेली गाडी वळवून चढावर नेणाऱ्या आडवाटाही मार्गांत ठेविल्या आहेत. सन १९२९ मध्यें या घाटांत विजेची इंजिनें आलीं. त्यांतील मालगाड्यांच्या इंजिनांत अशी योजना होती कीं उतरतांना त्यांच्या मोटारी उलट वीज उत्पन्न करीत व ती तारेंतून वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडे. घाटानें दिलेलें घाटासच परत मिळे. आजच्या विजेच्या मोटारगाड्या उतारावर स्वतःची बॅटरी भरतात, तें याच तत्त्वावर. आमची आठ नळकांड्यांची गाडी मात्र हें करूं शकत नाहीं. तिनें चढावर जाळलेलें इंधन उतारावर परत मिळत नाहीं.

आणि एक जागा अशी आहे कीं जेथें ही गाडी जाऊंच शकत नाहीं. नेरळहून माथेरानास जाणारा मोटाररस्ता दस्तुरी नाक्यावर संपतो. त्यापुढें खाजगी मोटारीस मज्जाव आहे. सन १९०७ पासूनची अरुंद रुळांची छोटी गाडी, घोडा किंवा आपले पाय हीं तेथें चालतात. २६० अश्वशक्ति नाक्यावर उभ्या राहतात आणि एकच अश्व पुढें जातो! ज्यानें हें दृश्य पाहिलें असेल, त्यास यंत्राची योग्यता व मर्यादा दोन्ही एकदमच कळतील.

७. पालकांस दोन शब्द

हा पाठ आम्हीं मुलांकरितां लिहिला, तरी त्यांतील कांहीं भाग वडील मंडळींसाठीं आहे. आपल्या तालुक्यांत जमिनीचे भाव वाढले आहेत. ज्या शेतानें तीन पिढ्या पोसल्या तें विकून दारांत मोठी गाडी उभी करण्याचा मोह कोणास झाला, तर त्यास आम्ही एकदम नांवें ठेवणार नाहीं. पैसा ज्याचा त्याचा आहे. परंतु गाडी पहिल्या दिवसापासून झिजूं लागते व जमीन झिजत नाहीं, एवढा फरक गणिताच्या शिक्षकानें सांगणें प्राप्त आहे. लूककृत शुभवर्तमानांत प्रभु येशूनें मनोरा बांधूं पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीं तर पाया घालून काम अर्धें राहील व लोक हसतील, असा त्याचा आशय. गाडी घेणाऱ्यानेंही आधीं बसून हिशेब करावा. चढाचा करावा आणि उताराचाही करावा.

दुसरें असें कीं, अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं मुलाच्या हातीं मोटारीचें सुकाणू देऊं नये. सन २०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत झालेल्या सुधारणेप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून अपराध केल्यास त्याचा पालक व गाडीचा मालक जबाबदार धरले जातात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी होऊं शकते. परंतु कायद्याचें भय दाखवून आम्ही थांबत नाहीं. वर काढलेले १४७ लक्ष ज्यूल पुन्हा एकदां डोळ्यांपुढें आणा. एवढा सांठा ज्याच्या पायाखालीं ठेवावयाचा, त्यास तो कोठून आला व कोठें जाणार, हें आधीं समजलें पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाचा पाय वेग देण्यास पुरेसा लांब असतो, परंतु वेग आंवरण्याची बुद्धि अजून शिकावयाची असते. ती शिकविणें हें शाळेचें व घराचें मिळून काम आहे.

विद्यार्थ्यांनो, मोठ्या यंत्राचें कौतुक अवश्य करा. मनुष्यास देवानें दिलेल्या बुद्धीचें तें फळ आहे, आणि त्याच्या प्रत्येक दांत्यांत कोणा ना कोणा कारागिराचा अभ्यास आहे. तुमच्यापैकीं कोणी उद्यां असेंच, किंवा याहून कमी इंधन खाणारें यंत्र रचावें, अशी आमची इच्छा आहे. तोंवर टोलनाक्यावरून व्ही-एट गेली तर केवळ तिचा आवाज ऐकूं नका. तिचा व्यास, पल्ला, वजन आणि ब्रेक यांचाही मनांत विचार करा.

अभ्यास

(१) सन १९३२ च्या फोर्ड गाडीच्या आठ नळकांड्यांचा व्यास सुमारें ७·७८ सेंटिमीटर व पल्ला ९·५२५ सेंटिमीटर होता. यंत्राचें घनफळ काढा. (उत्तर : सुमारें ३,६२० घनसेंटिमीटर.)

(२) तुमचें स्वतःचें वजन घेऊन, खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पायीं चढण्यास किती ज्यूल कार्य करावें लागेल तें सांगा. तें वरील गाडीच्या कितवा भाग आहे?

(३) तीस टनांची मालमोटार ५०० मीटर उतरली असतां किती ज्यूल उष्णता उत्पन्न होईल? तेवढ्या उष्णतेनें २५ अंशांचें किती किलोग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापेल? (एक किलोग्रॅम पाणी एक अंश तापविण्यास ४,२०० ज्यूल धरावे. उत्तर : १४·७ कोटी ज्यूल, सुमारें ४६७ किलोग्रॅम.)

(४) तुमच्या घरीं किंवा शेजारीं कोणी चालक असतील, तर घाट उतरतांना ते कोणता गिअर ठेवितात व कां, हें त्यांस नम्रतेनें विचारून दहा ओळी लिहा.